शंभर टंच

सुर्लीच्या घाटाचा उतार हाकेच्या अंतरावर असताना अण्णांची गाडी मेली. आवाज न करता मेली. जिवंत असतानाही ती आवाज करत नव्हती, त्यामुळे मेल्याचं कळायलाच आम्हाला थोडा वेळ लागला. एसी बंद पडला, समोरच्या पडद्यावर चार्ज संपत आल्याचं कासवाचं चित्र आलं, मग तेही गेलं.

"उतार लागू दे," अण्णा म्हणाले. कडेगाव सोडल्यापासून ते हेच म्हणत होते. "उतारावर बॅटरी आपोआप भरती हिची."

"उतार लागाय पाहिजे न्हवं आधी," आई मागून म्हणाली.

मी आईच्या शेजारी हिरव्या काठाच्या साडीत बसले होते. पायाशी टोपली होती. तिच्यात पेढे, सुपारी, ओटीचं सामान आणि नारळ. आम्ही पाटणला चाललो होतो, मला दाखवायला. रीत अशी की मुलाकडचे येतात, मुलगी पोहे आणते. पण मुलाच्या आजीला अंथरुणातून उठवत नव्हतं आणि नातसून बघितल्याशिवाय तिला मरायचं नव्हतं, म्हणून पोरगी घरपोच करायची ठरली होती. म्हातारीनं मान हलवली की त्याच बैठकीत सुपारी फुटणार होती. मुलगा कसा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची द्राक्षबाग किती आहे ते सांगितलं होतं.

माझं मन दुसरीकडे होतं. त्याचं नाव निवास लोखंडे, धंदा मांडव आणि साउंडचा, आणि घरात त्याचा पत्ता कुणालाच नव्हता. असं मला वाटत होतं.

सकाळी निघताना अण्णांनी गाडीचा पडदा बघितला तर सतरा टक्के. रात्री वायर लावून झोपले होते, भरून निघायला हवी होती. ते मागच्या पडवीत गेले. आमच्या घरात जास्त ताकदीचा सॉकेट एकच, पडवीतला. त्याच्यावर गाडी चालायची आणि आईची घरघंटीही. गाडीची वायर खाली लोळत होती आणि सॉकेटात घरघंटीचा प्लग होता.

अण्णांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "दळण होतं."

एवढंच. मुहूर्त गाठायचा होता म्हणून अण्णा दात खाऊन निघाले. वाटेत एका पंपावर भरून घेऊ म्हणाले. त्या पंपावरचं मशीन बघितलं तर त्याच्यावर पोतं टाकलेलं, आणि पोत्यावर मांजर झोपलेलं.

आता अण्णांबद्दल सांगते, नाहीतर पुढची मजा कळायची नाही.

आमच्या भागातली माणसं सोन्याच्या गलाईला देशभर जातात. जुने दागिने वितळवायचे, तेजाब टाकून हीण काढायचं, चोख सोनं हातात द्यायचं. अण्णांनी मदुराईत तीस वर्षं मूस फुंकली, पैसा केला आणि विट्याला परत आले. येताना एक शब्द घेऊन आले, टंच. सोन्यात सोनं किती, ते टंचावर मोजतात. अण्णा सगळंच टंचावर मोजायला लागले. दूध किती टंच, पुढारी किती टंच, जावई किती टंच. कॉलेजातली पोरं टंच म्हटलं की भलतंच समजून हसायची, ते अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही.

परत आल्यावर ते आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष झाले. म्हणजे कुणाच्या घरात कुणी यायचं याचे नाकेदार. दर मेळाव्यात त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "संकर करायचा तर ज्वारीत करा, घरात करू नका." जातीबाहेर लग्न केलेल्यांच्या लेकरांना ते भर स्टेजवर हायब्रीड म्हणायचे. आमच्याकडे हायब्रीड म्हणजे ती जुनी ज्वारी. पोतं भरतं, चव नाही, भाकरी सकाळी केली तर दुपारी वातड. लोक टाळ्या वाजवायचे. ज्यांच्या पोटी पोरी होत्या त्या बायकाही वाजवायच्या.

आणि मग अण्णांनी नुसत्या विजेवरची गाडी घेतली. मेळाव्यात तिला झेंडूचा हार घालून मांडवाच्या तोंडाशी उभी केली आणि माइकवर सांगितलं, ही गाडी शंभर टंच आहे, हिच्यात तेलाची भेसळ नाही, आणि आजपासून मी तेलाच्या थेंबाला शिवणार नाही. तिची हिरवी नंबरपाटी ते स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे. नातवाचं नाक पुसावं तशी.

ती शंभर टंच गाडी आता सुर्लीच्या घाटावर उसाच्या ट्रॅक्टरांची वाट अडवून उभी होती. ट्रॅक्टरवाले ढकलू का म्हणत होते. उतारावर सोडून द्यायची, पाटणपर्यंत जाईल. अण्णा ब्रेकच्या भीतीनं नको म्हणत होते. तेवढ्यात मी रस्त्याकडेला जाऊन मोबाइलवर लिहिलं: "गाडी मेली. सुर्ली घाट. जनरेटर घेऊन ये. मला ओळखू नकोस."

निवास पिकअप घेऊन आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मागं जनरेटर, दोरखंडांची भेंडोळी, कर्णे. लांबूनच वेग कमी केला, आमच्यापुढून थोडा गेला, मग जणू आत्ताच दिसलं अशी गाडी मागं घेतली. नाटकात घेऊ नये असला नट.

"काय झालं, काका?"

अण्णांनी सांगितलं. निवासनं गाडीभोवती एक चक्कर मारली, मला म्हणाला, "ताई, जरा बाजूला सरता का," आणि वायर काढायला गेला.

ताई. हे मी लक्षात ठेवलं. लग्नानंतर बरेच दिवस मी त्याला निवासभाऊ म्हणून हाक मारायचे, ती पण सासूसमोर.

जनरेटरला वायर लावली तर गाडी घेईना. लाल दिवा. निवास म्हणाला, हिला जमिनीशी नातं लागतं, अर्थिंग पाहिजे. त्यानं लोखंडी सळई काढली आणि घणानं रस्त्याकडेला ठोकली. भुई वाळून कौल झालेली.

"पाणी ओतायला लागंल," तो म्हणाला.

"पाणी संपलंय," आई म्हणाली, आणि टोपलीतला नारळ काढून त्याच्या हातात दिला.

अण्णा बघतच राहिले. "अगं, ओटीचा हाय त्यो."

"मग काय झालं. भुईचीच वटी भरायची."

निवासनं अण्णांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि घणाच्या एका घावात नारळ फोडला. सळईभोवती पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. मी गाडीत पदर नीट करायला बसले तेव्हा आईच्या पिशवीला हात लागला. आत पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. उन्हात माणूस विसरतं, असं मला वाटलं.

मग जनरेटर सुरू झाला. धडधड, धडधड, आणि काळा धूर थेट अण्णांच्या पांढऱ्या टोपीवर. तेलाच्या थेंबाला न शिवणारा माणूस डिझेलच्या धुरात खोकत उभा. जाणारे-येणारे ट्रॅक्टरवाले वेग कमी करून बघत होते. एकानं विचारलंच, "अध्यक्ष, गाडी डिझेलवर घेतली व्हय?"

निवासला राहवलं नाही. "आता झाली बघा, काका, हायब्रीड."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी खिडकीकडे तोंड केलं. पण ते चिडू शकत नव्हते, वायर त्याच्या हातात होती. त्यांनी वेगळंच काढलं. आमच्याकडे ओळख नसलेल्या माणसाला तासभर नुसतं बघत बसता येत नाही, त्याची जात कळाय लागते. ती कुणी सरळ विचारत नाही. आपण सुधारलेले.

"आडनाव काय म्हणला?"

"लोखंडे."

"कुठले लोखंडे?"

"इथलेच, कडेगावच्या अलीकडचे."

अण्णा विचारात पडले. लोखंडे सगळ्यांत असतात. आमच्यात आहेत, त्यांच्यात आहेत, आणखी दोन-तीन ठिकाणी आहेत. आडनावाला काय, ते कुणाच्याही दारात बसतं. पण आमच्या लोखंड्यांची दोन घरं त्या अंगाला होती. अण्णांनी मनातल्या मनात त्या दोनातलं एक घर निवासला देऊन टाकलं.

"म्हणजे आपलेच की."

"आपलेच म्हणायचं," निवास म्हणाला.

ह्याला मी खोटं बोलणं मानत नाही. विचारणाऱ्यानं जे ऐकायचं ठरवलं होतं तेच त्याला ऐकवलं.

पाटणहून फोन येत होते. आधी कुठपर्यंत आलात, मग जेवण गार होतंय, मग म्हातारीला डुलकी लागली. शेवटी मुलाच्या वडिलांनी सांगितलं की आमच्यात असं अर्ध्या वाटेत थांबलेलं शुभ धरत नाहीत, आई म्हणतीय की राहू दे. माझं लग्न एका झोपलेल्या म्हातारीनं मोडलं. देव तिला उदंड आयुष्य देवो, असं मी मनात म्हणाले. पुढं कळलं, दिलं.

परत विट्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सगळे उपाशी. पिठाचा डबा उघडला तर तळ दिसत होता, म्हणून आईनं भात टाकला. अण्णा भात आणि लोणचं खाऊन, एक शब्द न बोलता झोपायला गेले.

त्यानंतर काही दिवस अण्णा गाडीपुढं खुर्ची टाकून बसायचे, मूस तडकलेल्या माणसासारखे. ट्रॅक्टरवाल्याचं वाक्य बाजारपेठेत त्यांच्या आधी पोचलं होतं. मग एक दिवस ते गाडी घेऊन पुण्याला गेले आणि दुसरीच घेऊन आले. मोठी, काळी, परदेशी, कुणीतरी चार वर्षं वापरलेली. अंगणात उभी केली आणि आम्हाला समजावून सांगितलं. हिलाही वायर लावून भरायची. गावातल्या गावात बॅटरीवर फिरायचं, आवाज नाही, धूर नाही. पण लांब जाताना बॅटरी संपली तर आत पेट्रोलचं इंजिन आहे, ते आपोआप सुरू होतं.

"आपोआप म्हणजे?" आईनं विचारलं.

"आपोआप म्हणजे आपोआप. माणसाला इचारत न्हाय."

"बरं हाय," आई म्हणाली, आणि आत गेली.

"हिला म्हणतात काय?" मी विचारलं. मला माहीत होतं. मागच्या दारावर चांदीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

अण्णा म्हणाले, "प्लगइन."

"प्लगइन काय?"

"नुसतं प्लगइन."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माळ्यावरून जुनी हत्यारं काढली. ज्या हातांनी सोन्यातलं हीण काढलं त्या हातांनी फुंकणीच्या झोतावर एकेक अक्षर गरम करून हायब्रीड हा शब्द गाडीच्या पाठीवरून सोलून काढला. अक्षरं निघाली. पण त्यांच्याखालचा रंग उन्हात उतरलेला नव्हता, म्हणून तो शब्द आता काळ्यावर गडद काळ्यात दिसायला लागला, आधीपेक्षा ठळक. शाळेची पोरं बोट लावून वाचायची.

आणि पाटी. नुसत्या विजेच्या गाडीला हिरवी, हिला पांढरी. अख्ख्या विट्याला पांढरी पाटी वाचता येत होती. अण्णा सांगायचे, गाडी विजेचीच आहे, पेट्रोल फक्त सोबतीला असतं. पेट्रोल भरायला मात्र ते तालुक्याबाहेर जायचे, जिथं कुणी ओळखत नाही तिथं, तोंडाला रुमाल बांधून. माणसं दारूच्या दुकानात जातात तसे. आणि गावात शिरायच्या आधी बॅटरीचं बटण दाबायचे, म्हणजे पेठेतून जाताना कसं, सोवळ्यात.

खरं सांगायचं तर गाडी चांगली होती. अण्णा सुखी झाले होते. सोलापूरला गेले, कोकणात गेले, पडद्यावरच्या टक्क्यांकडे न बघता गेले. फक्त ते सुख कुणाला सांगायची सोय नव्हती.

निवासचं जाणं-येणं त्याच दिवसांत वाढलं. अण्णांनीच त्याला बोलावलं, घरचं अर्थिंग तपासायला. मग मंडळाच्या मेळाव्याचा मांडव त्यालाच दिला. पोरगं कामाचं आहे, सुपारीचं खांड खात नाही, मोठ्यांसमोर मान खाली घालतं. मान खाली का घालायचा ते मला माहीत होतं. मी दारात उभी असायचे आणि त्याला हसू आवरायचं नाही.

असं चाललं असतं आणखी थोडे दिवस. पण एका दुपारी जेवताना अण्णा म्हणाले, "त्या लोखंड्याच्या पोराचं नाव मंडळात घालू या. चांगलं स्थळ हाय. एखादी पोरगी बघाय पाहिजे त्याला."

आईनं भाकरी वाढली. माझ्याकडे बघितलं नाही.

"बघायची गरज न्हाय," मी म्हणाले. "मी हाय."

अण्णांचा घास हातात राहिला. आणि मग, काय सांगू, त्यांचा चेहरा फुलला. माझ्या बापाला मी आयुष्यात इतकं आनंदी केलं नव्हतं. ते म्हणाले, मला वाटतच होतं, म्हणाले, घाटावर सळई ठोकत होता तेव्हाच मी ओळखलं, हे पोरगं शंभर टंच. द्राक्षबाग नसली तर नसली. आईला म्हणाले, पेढे आण.

आई उठली नाही.

मी म्हणाले, "अण्णा, कुठले लोखंडे ते एकदा नीट इचारायचं."

"सांगितलं की. कडेगावच्या अलीकडचे."

"गावाच्या कुठल्या अंगाचे ते न्हाय इचारलंसा."

एवढं पुरलं. आमच्याकडे गावाचं अंग सांगितलं की बाकी सांगावं लागत नाही. अण्णांचा हात खाली आला. मग वर गेला, पण माझ्यावर पडला नाही, ताटावर पडला. आमटी भिंतीपर्यंत उडाली. मग ते बोलायला लागले, आणि त्यातलं निम्मं मी इथं लिहिणार नाही. कुणाला लाज वाटेल म्हणून नाही, त्यात नवीन काही नव्हतं म्हणून. सगळे बाप तेच बोलतात, पाठ केल्यासारखं. शेवटी ते म्हणाले, माझ्या घरात हायब्रीड अवलाद चालायची नाही.

"अंगणात चालती," मी म्हणाले.

मग आई बोलली. आईचा आवाज मोठा झालेला मी कधी ऐकला नाही, तेव्हाही झाला नाही. तिनं गळ्यातल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या बोटांत धरल्या.

"ह्या किती टंच हायती?"

अण्णांना कळेना. "काय?"

"तुमीच घडवून आणल्या. किती टंच?"

"ब्याण्णव."

"बाकीचं काय हाय?"

अण्णा सदऱ्यावरची आमटी पुसायला लागले.

"बाकीचं काय घातलंसा?"

"तांबं."

"का?"

तीस वर्षं ज्यानं गिऱ्हाइकांना हे समजावून सांगितलं तो माणूस भिंतीवरच्या आमटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "वाकतं. चोख सोन्याचं टिकत न्हाय, वाकतं."

"मग," आई म्हणाली, आणि ताट उचलायला लागली.

तुम्हाला वाटेल तिथं ते विरघळले. माणसं अशी विरघळत नाहीत, त्याला तेजाब लागतं. अण्णांनी माझ्याशी बोलणं सोडलं. दाराबाहेर गेलीस तर मेलीस मला, म्हणाले. मी गेले. सांगलीला जाऊन आम्ही नोंदणी केली, आणि निवासच्या दारात फक्त हार घालायचे ठरवले, त्याच्याच मांडवात. बापाशिवाय लग्न होतंय याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. इतक्या वेळा सांगत होते की निवासची आई एकदा म्हणाली, "रेवती, बस झालं आता."

लग्नाच्या दिवशी निवासनं सगळे कर्णे बंद ठेवले. म्हणाला, अख्ख्या तालुक्याच्या लग्नांना मी आवाज भाड्यानं दिला, माझ्या लग्नात मला शांतता पाहिजे. त्यामुळे मी हार उचलला तेव्हा मांडवात कापडाची फडफड ऐकू येत होती.

पुढचं मला आईनं नंतर सांगितलं. आईनं सकाळी लुगडं नेसलं आणि मी निघाले म्हणाली. अण्णा म्हणाले, जा, पण माझी गाडी मिळणार नाही. थोड्या वेळानं म्हणाले, फाट्यापर्यंत सोडतो, पुढं येणार नाही. फाट्यावर आई म्हणाली, गुडघा दुखतोय. मग म्हणाले, चिंचेपर्यंत सोडतो, बॅटरीवर नेतो, कुणाला कळायचं नाही. चिंच मांडवाच्या मागंच होती. गाडी तिथं सावलीत आली तेव्हा आमच्यातल्या कुणालाही खरोखर कळलं नाही. आई उतरली. अण्णा काच अर्धी खाली करून बसले. किती वेळ बसले, आईनं मोजलं नाही. मग त्यांनी हार माझ्या हातात बघितला आणि निघून जायला गाडी मागं घेतली.

आणि बॅटरी संपली.

गाडी माणसाला विचारत नाही. त्या शांततेत इंजिन असं गरजलं की चिंचेवरचे बगळे उडाले आणि अख्ख्या मांडवानं एकदम मान वळवली. काळी गाडी, पांढरी पाटी, पाठीवर गडद काळ्यात तो शब्द, आणि आत स्टिअरिंग धरून बसलेले वधू-वर मंडळाचे अध्यक्ष.

कुणी हललं नाही. मी हार धरून तशीच उभी. मला वाटलं, जातील आता, आणि गेले तर मात्र मी त्यांना खरंच मेले.

निवासचे वडील, तात्या, मांडवातून निघाले. चालत गाडीपर्यंत गेले. काचेशी वाकले.

"काय झालं, पावणं?"

"काय न्हाय. गाडी तापली जरा."

गाडी तापली नव्हती. तात्यांनाही दिसत होतं. ते म्हणाले, "पाणी आणू?"

तात्यांनी मागं वळून खूण केली, कुणीतरी तांब्या आणून दिला. तात्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून विचारलं, "गाडीला देऊ, का तुमाला?"

इंजिन चालूच होतं. मग अण्णांनी बटण दाबलं. ते बंद झालं.

"मला," अण्णा म्हणाले.

दार उघडून ते खाली उतरले. आमचे अण्णा परक्या घरी पाणी पितात ते वरून, भांडं ओठाला न लावता. मदुराईतही तसेच प्यायचे. त्यांनी तांब्या घेतला, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि तोंडाला लावला. घटाघटा प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं. तांब्या परत दिला आणि मांडवाच्या कडेच्या खुर्चीवर येऊन बसले, वरातीत चुकून आलेल्या माणसासारखे.

मी हार घातला. निवासनं मला घातला. जेवणं सुरू झाल्यावर निवास त्यांच्या पाया पडायला वाकला तर ते म्हणाले, "तुझं अर्थिंग बराबर न्हाय. रात्री वायर लावली, सकाळी बघतो तर निम्मी."

"बघतो, काका," निवास म्हणाला.

"बघ. लावलेला प्लग ऱ्हात न्हाय तिथं."

आई शेजारीच जिलेबी वाढत होती. तिनं अण्णांच्या पानात एक जास्तीची वाढली आणि पुढं सरकली. मी तिला मांडवाच्या मागं गाठलं.

"काल दळण होतं?"

"होतं की."

"काय दळलंस?"

तिनं जिलेबीचं ताट ह्या हातातून त्या हातात घेतलं. "मोकळीच फिरवली. त्यास्नी आवाज याय पाहिजे न्हवं."

मला सुर्लीचा घाट आठवला. बाटली आठवली, गळ्यापर्यंत भरलेली. रिकामा डबा आठवला, आणि त्या रात्रीचा भात.

"आणि पाटणला जायच्या आदल्या रात्री?"

"तवा तर फिरवलीबी न्हाय," आई म्हणाली, आणि तात्यांच्या पंगतीत वाढायला गेली.